ह्याची धार कुठली?

आमच्या आचोळ्याच्या घरात लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात एक ग्राफिक कार्ड पडून आहे. कार्ड म्हटलं की लोकांना रेशनकार्ड नाहीतर लग्नाची पत्रिका आठवते. हे विटेएवढं असतं, हातात घेतलं तर कच्च्या पपईसारखं जड लागतं. एका अंगाला दोन पंखे, आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची पट्टी. ते माझ्या मुलाचं. मुलगा आता नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने शेवटपर्यंत आशा धरून बसू नये.

मी चौथी शिकलेली. पुढे मोगरा खुडायला घरात हात कमी पडत होते म्हणून शाळा सुटली. माझ्यासारखीला कार्डातलं काय कळतं, असं पुष्कळांनी तोंडावर विचारलं. घराची चूल ज्याच्यावर चालते ते घरातल्या बाईला कळायलाच हवं. सासऱ्यांच्या वेळी बैल होता, मला बैल कळायचा. नवऱ्याच्या वेळी पंप आला, पंपाचा आवाज बदलला की मी चुलीपाशी बसून सांगायचे की आत कचरा अडकलाय. मुलाची चूल ह्या कार्डावर होती.

त्याच्या दोन्ही किडन्या चाळिशीच्या आत गेल्या. माझी घ्या म्हटलं, तर डॉक्टरांनी माझं वय विचारलं आणि मान हलवली. सुनेची जुळली नाही. मग दिवसाआड मशीनवर रक्त धुणं आलं. अंधेरीच्या ज्या ऑफिसात तो कामाला होता त्यांनी थोडे दिवस वाट बघितली, मग फोन बंद केले. वसईच्या वाडीतला आमचा वाटा आजारपणाने खाल्ला. आम्ही आचोळ्याला आलो, कारण रक्त धुवायची जागा इथून रिक्षाने जवळ. सून औषधांच्या दुकानात लागली. ती सकाळी गेली की घरात मी, तो आणि त्याच्या कॉम्प्युटरची घरघर.

काम त्याचं असं. बिल्डरने खड्डासुद्धा खणलेला नसतो, पण गिऱ्हाइकाला इमारत दाखवायची असते. बाल्कनीत चहाचा कप, खाली पोहण्याचा तलाव, तलावाकाठी माड. ही चित्रं मुलगा करायचा. नुसती चित्रं नव्हे, त्या न बांधलेल्या इमारतीतून आपण चालत गेल्यासारखी फिल्म. घरी बसून करता येण्यासारखं, मशीनवरून आल्यावर पडून करता येण्यासारखं दुसरं काम त्याच्याकडे नव्हतं. हे गेलं असतं तर तो बायकोच्या पगारावर पडून राहिला असता. तसं त्याला जगायचं नव्हतं. तो ते बोलून दाखवायचा नाही, पण बायको डबा घेऊन निघाली की तिच्याकडे बघायचा नाही.

एकदा मी विचारलं, "एवढा मोठा डबा आहे, त्यात चित्र काढतं कोण?"

"कार्ड काढतं."

"मग तो दुसरा, प्रोसेसर, तो काय करतो?"

"तो हुशार माणूस आहे. कसलंही काम द्या, करतो. पण एकटा पडतो. कार्ड म्हणजे तुमच्या मोगरा खुडणाऱ्या बायका. हजारो. एकीलाही हिशेब येत नाही, पण प्रत्येकीला एक झुडूप नेमून दिलं की वाडी उजाडायच्या आत मोकळी."

हे मला लगेच कळलं. फुलं खुडायला अक्कल लागत नाही, हात लागतात आणि सगळे एकदम लागतात. चित्र म्हणजे ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर ऊन किती, सावली किती, एवढंच एकेकीने बघायचं.

मग त्याने मला कार्डांच्या जाती सांगितल्या. पहिली जात वेगळी दिसतच नाही, ती प्रोसेसरच्या पोटात असते. सरकारी ऑफिसात, बँकेत, पोरांच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरात तीच. तिला स्वतःची मेमरी नसते, कॉम्प्युटरची उसनी घेते. मी म्हटलं, "म्हणजे ज्याच्या वाडीत बावखल नाही तो." आमच्याकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. ज्याचं स्वतःचं नाही त्याने शेजाऱ्याचं घ्यायचं, आणि शेजाऱ्याचं शिंपण झाल्यावर घ्यायचं.

तो हसला. "बरोबर. आणि हे माझं कार्ड म्हणजे स्वतःचं बावखल असलेलं."

दुसरी जात ही वेगळी बसवायची कार्डं. त्यात परत दोन. एक खेळणाऱ्यांसाठी, पळतं, तापतं, दिव्यांनी चमकतं. दुसरं कामवाल्यांसाठी, दिसायला साधं, पळत नाही पण चुकत नाही, मेमरीत चूक झाली तर स्वतः पकडतं. लॅपटॉपमध्ये घालतात ते तिसरंच. नाव मोठ्या कार्डाचं, पण जागा अरुंद म्हणून त्याला वीज कमी पाजलेली. आणि एक असतं त्याला स्क्रीनची तार लावायला भोकच नसतं. ते थंड खोल्यांमध्ये ओळीने बसवतात, नुसते हिशेब करतं, तासावर भाड्याने मिळतं.

"तोंडच नाही म्हण की."

"तोंड नाही, पण सगळ्यात जास्त तेच खातं."

"आणि तुझं कुठलं?"

"खेळायचं."

"खेळायच्या कार्डावर काम करतोस?"

"कामाचं परवडत नाही, आई. हेच राबवायचं." मग सुईने फुगलेला हात पुढे केला. "माझ्या किडन्या पोटातल्या जातीच्या होत्या, त्या गेल्या. आता दिवसाआड बाहेरचं कार्ड लावतात."

असले विनोद तो करायचा. सून उठून आत जायची. मी बसून राहायचे. कोणीतरी ऐकायला हवं होतं.

त्या वर्षी पावसाच्या शेवटाला त्याला एका बिल्डरची मोठी फिल्म मिळाली. ती बिल्डरला दिवाळीत दाखवायची होती, दिवाळीलाच बुकिंग उघडणार होतं. फिल्ममध्ये एकच माड चाळीस जागी उभा केल्यासारखे माड होते आणि सगळे एका तालात डोलत होते. मी म्हटलं, "हे माड आहेत की शाळेतली कवायत? वारा एका झावळीला आधी लागतो, दुसरीला मागून लागतो." त्याने ते मनावर घेतलं. एकेक झावळी सुटी हलवली. मग कार्डाला एकेका झावळीचा हिशेब आला. चित्र तयार व्हायला लावलं की तो म्हणायचा रेंडरला टाकलंय. मी म्हणायचे शिजत ठेवलंय. खोली गरम व्हायची, खरंच चूल पेटल्यासारखी.

अर्धी फिल्म शिजून झाली आणि दसरा आला.

आमच्या माळी लोकांत दसऱ्याला हत्यारं पुजतात. कोयता, कुदळ, पहार धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची. ओलं कुंकू लावायचं ते हत्याराच्या धारेला. मुठीला नाही, पात्याला नाही, धारेला. कारण काम धार करते. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. वाडी गेली तरी माझ्या नवऱ्याचा कोयता मी आणलेला होता. नवऱ्याच्या मागे पूजा करतो माझा दीर. वाडीत अजून राबणारा आमच्यातला तो शेवटचा. दर दसऱ्याला झेंडू घेऊन आचोळ्याला यायचा. घरच्या बोलीत बोलायचा, मी ते इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते.

मी मुलाला म्हटलं, "कॉम्प्युटर चालू दे. कोयत्याची पूजा होईल, पुरे."

"नाही. माझं हत्यार हे आहे. बाबांचा कोयता होता."

जन्मात त्याने कोयता धरला नव्हता. पण आजारी पडल्यापासून त्याला असल्या गोष्टी लागायच्या. त्याने डबा उघडला, कार्ड काढलं, कुंचल्याने त्याची धूळ काढली आणि स्वतः पाटावर कोयत्याशेजारी ठेवलं. दीर आला, पाय धुऊन बसला, कार्डाकडे बघत राहिला.

"हे काय रे? मिक्सर?"

"काका, ह्याच्यावर माझं पोट चालतं."

"बरं. मग ह्याची धार कुठली?"

सगळे हसलो. मुलगाही हसला आणि बोट दाखवलं. "ही सोनेरी पट्टी. काम इथनंच जातं-येतं."

दिराने वाटीत अंगठा बुडवला आणि त्या पट्टीला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंकू ओढलं, कोयत्याला ओढतो तसं, एका दमात. वर हळद. वर झेंडू. मग हात जोडून म्हणाला, "पोराला सांभाळ." कार्डाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुलाने कार्ड पुसलं. फडक्याने पुसलं, सुकलं असं वाटलं, बसवलं. दातांच्या फटीत काय उरलं ते दिसलं नसणार. डोळे त्याचे त्या दिवसांत सुजलेले असायचे. बटण दाबलं, पंखे एकदा फिरले, चट् असा आवाज आला आणि वास आला. जळक्या वायरचा वास कुठल्याही घरात ओळखतात.

त्याने बटण बंद केलं. मग म्हणाला, "आई, काकांना सांगायचं नाही."

"का नाही? त्यांच्या हातनं झालंय."

"धार मी दाखवली."

"तरी कळू दे की."

"ते तिकडे एकटे असतात. हे डोक्यात घेऊन वाडीत बसतील. नको."

मी फटकळ आहे हे सगळ्या नात्यात माहीत आहे. त्याने माझ्याकडून शब्द घेतला नाही, नुसता बघत राहिला. मी गप्प बसले, ते त्याने होकार म्हणून घेतलं.

डब्यातलं बाकीचं वाचलं होतं. प्रोसेसरच्या पोटातल्या जातीवर स्क्रीन उजळला. त्याने त्यावर एक चित्र शिजत ठेवलं. मी भात केला, आमटी केली, जेवणं झाली, भांडी घासली, चित्र अर्धंही झालं नव्हतं. एका फिल्मला अशी हजारो चित्रं लागतात. त्याने बिल्डरच्या माणसाला फोन करून थोडी मुदत मागितली. फोन मोठ्या आवाजात होता, मी ऐकलं.

"बॉस, बॅनर छापून आले, तारीख पडली. नाही होत असेल तर क्लिअर सांगा. दुसरे पण लाइनमध्ये आहेत, राग नका मानू."

"होईल," मुलगा म्हणाला.

दुसरा दिवस त्याचा मशीनवर जायचा होता, सून कामावर. म्हणून मेलेलं कार्ड पिशवीत घालून मी निघाले नालासोपाऱ्याच्या एका दुकानात. काय विचारायचं ते त्याने माझ्याकडून रिक्षा येईपर्यंत घोकून घेतलं होतं. दुकानदार मोबाइल बघत होता.

"आजी, रिचार्ज बाजूच्या दुकानात."

मी कार्ड काचेवर ठेवलं. त्याने दिवा लावून दात बघितले. "हे लाल काय? कुंकू?"

"पूजेचं."

तो हसायला लागला. "अहो आजी, पूजा सगळेच करतात, पण डब्याला बाहेरून! नशीब नारळ नाही फोडला."

"हसून झालं असेल तर बोल. होईल का नीट?"

"नाही. मेलं."

"मग दुसरं दाखव. मेमरी ह्याच्याएवढी तरी पाहिजे. पॉवरच्या तारा ह्याला लागतात तेवढ्याच लागल्या पाहिजेत, जास्त नाही. आणि मायनिंगमध्ये राबलेलं नको."

त्याने मोबाइल ठेवला. मायनिंग म्हणजे खाण नव्हे. कॉम्प्युटरवर कसलीशी नाणी तयार करतात, त्यासाठी ही कार्डं रात्रंदिवस जुंपून ठेवतात आणि जीर्ण झाली की विकतात. कामवालं कार्ड त्याच्याकडे नव्हतं, मागवलं तर दिवाळीनंतर. नवं खेळायचं होतं, त्यातलं लहान परवडलं असतं पण मेमरीला अपुरं. मोठं किंमत ऐकूनच सोडून दिलं. राहिलं एक जुनं.

"हे राबलेलं आहे का?"

"आजी, खोटं नाही सांगत. आहे. सेकंड हँडच्या बाजारात बिनराबलेलं शोधाल तर म्हाताऱ्या व्हाल."

"झालेच आहे. पुढे बोल."

"धुवून-पुसून, आतली पेस्ट बदलून दिलंय. चालेल. किती चालेल ते देवालाही विचारू नका."

रक्त धुण्याच्या खाटेवरून मुलगा फोनवर म्हणाला, घे. मी घेतलं.

ते चालू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाच्या पाण्यात हिरवे चौकोन उठले. कार्ड आणखी तापल्यावर माडावरही उठायला लागले. मुलगा म्हणाला, ह्याची मेमरी जळत आलीय, तापलं की चुकतं. खेळणाऱ्याला एखादा चौकोन चालतो, फिल्मला चालत नाही. मग त्याने कार्डाचा वेग खाली आणला. थकलेल्या बैलाला कासरा सैल सोडून चालवतात तसं. चौकोन कमी झाले, गेले नाहीत. म्हणजे प्रत्येक चित्र झालं की बघायचं, नासलेलं असलं तर परत टाकायचं. कोणीतरी समोर बसूनच राहायला हवं.

मी म्हटलं, "माड थांबव. झावळ्यांचा हिशेब जाईल."

"निम्मा वेळ वाचेल."

"मग थांबव की."

"वसईत न हलणारा माड कोणी बघितलाय?" आणि परत स्क्रीनकडे वळला.

त्याचा मशीनवर जायचा दिवस आला. मी म्हटलं, मी बसते. मला चौकोन ओळखता यायचे. तो रिक्षात बसून गेला. मी बसले. थोड्या वेळाने स्क्रीनच गोठला, बाण हलेना. मी फोन केला, तो सांगेल ती बटणं दाबली, काही झालं नाही. तो येईपर्यंत सगळं तसंच उभं. त्याने आल्या आल्या स्क्रीन बघितला. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

पुढच्या वेळी तो गेलाच नाही. "एकच पाळी चुकवतो. पाणी कमी पितो."

मी भांडले. सून रडली, मग तीही भांडली. तो म्हणाला, "हे काम गेलं तर पुढचं कोण देणार मला? सांग ना. तू देणार?" सुनेने उचलून न्यायचं म्हटलं, पण मोठ्या माणसाला उचलून कसं नेणार. त्याच्या पुढची पाळीही अशीच गेली. पाय सुजले, मग तोंड. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तो बसूनच झोपायचा, स्क्रीनसमोर. कार्डाचे पंखे आणि त्याचा श्वास, दोन्ही आवाज सारखेच येत. मी खोटं कशाला सांगू, कुठला कुठला ते मला कळेनासं झालं होतं.

फिल्म धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पूर्ण झाली. त्याने मला बसवून दाखवली. गेट उघडतं, आपण आत जातो, तलाव, माड. माड खरे होते. एकही चौकोन नव्हता. मी म्हटलं, "आता चल." रिक्षात त्याला बसवताना शेजारचे दोघे लागले. फुप्फुसात पाणी भरलं होतं. डॉक्टर सुनेला रागावले, मला रागावले. दिवाळी आम्ही दवाखान्यात काढली. तो घरी आला, पण परत उभा राहिला नाही. थंडी सरायच्या आत हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, तसाही फार वर्षं काढणारा नव्हता. असेल. पण होती तेवढी तरी काढली असती.

बिल्डरने दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा पाठवला होता. पुढच्या कामाचा फोनही आला, दहाव्याच्या सुमाराला. "बॉस, तुमचे ते माड सगळ्यांना आवडले." मी म्हटलं, बॉस नाहीत. समोरच्याला वाटलं बाहेर गेलेत. म्हणाला, आल्यावर फोन करायला सांगा.

राबलेलं कार्ड आम्ही परत विकलं. कुंकवाचं कोणी घेत नव्हतं, ते कपाटात राहिलं.

परवा दसरा झाला. दीर आला, झेंडू घेऊन. जिना चढताना आता त्याला मध्ये थांबावं लागतं. मी पाटावर कोयता, कुदळ, पहार मांडली होती. सून न विचारता उठली आणि कपाटातून ते कार्ड आणून कोयत्याशेजारी ठेवलं. दिराने त्यावरून हात फिरवला.

"हे चालत नाही का आता, वहिनी?"

"नाही, भावोजी."

"कशाने गेलं?"

सून माझ्याकडे बघत होती. दिराचा अंगठा वाटीत होता, लाल. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, वर्षभर तयारच होतं. त्याचं मनगट बघितलं, वाळलेल्या केळीच्या सोपटासारखं. मुलाने मागितलेलं मी फार काही दिलं नव्हतं, किडनीसुद्धा घेतली नाही कोणी माझी.

"जुनं झालं होतं," मी म्हटलं.

"हं." त्याने कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेऊन धार शोधली. "त्याने दाखवली होती. इथनंच काम जातं-येतं म्हणाला होता." आणि एका दमात कुंकू ओढलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ते कपाळाला लावलं आणि परत कोयत्याशेजारी ठेवलं.

तो गेल्यावर सून ओलं फडकं घेऊन आली, दात पुसायला.

"राहू दे," मी म्हटलं. "आता कुठे बसवायचंय ते."